चार आण्याचं सर्किट, बारा आण्याचा स्पीकर

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ४५५८ नावाची आठ पायांची एक आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, मिळते. टपरीवरच्या चहाला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दहा एकदम मागितल्या तरी दुकानदार मान वर करून बघत नाही. आपल्याकडे असेंबल केलेले होम थिएटर घरोघरी असायचे, पुढच्या पट्टीवर बास-ट्रेबलचे नॉब आणि उगाच लुकलुकणारे एलईडी असलेले. त्यांच्या टोन कंट्रोलच्या बोर्डावर बऱ्याचदा हीच आयसी बसलेली असे. आणि हीच आयसी १९७९ च्या सुमाराला बाजारात आलेल्या आयबानेझ कंपनीच्या टीएस ८०८ ट्यूब स्क्रीमर या हिरव्या पेडलमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज बदलायला पायानं दाबायच्या छोट्या डब्यात, आहे. गिटार वाजवणाऱ्यांमध्ये त्या पेडलचं नाव आदरानं, कधीकधी आवाज खाली आणून घेतलं जातं. त्यातला जुना, जपानी जेआरसी ४५५८डी हाच तुकडा हवा म्हणून लोक परदेशातून पार्सलं मागवतात.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. दहावीचा निकाल लागल्यापासून तिला इलेक्ट्रिक गिटारनं पछाडलंय. गिटार आली. मग एका रात्री व्हॉट्सॲपवर लिंकांची रांग आली. दहा वॉटचा अ‍ॅम्प, दोन हजारांचं डिस्टॉर्शन (आवाज फाडणारं पेडल), अडीच हजारांचं डिले (प्रतिध्वनी देणारं), आणि खाली प्रश्न: "मामा, हे स्वस्तातलं घेऊ का थांबू?" पाच मिनिटांनी ताईचा फोन. "अरे, तिला आत्ताच काही भारीतलं सुचवू नकोस. हिनं हार्मोनियम किती दिवस वाजवली ते आठवतंय ना?"

दोघींचंही बरोबर होतं. पण पेडल आणि अ‍ॅम्प या दोन गोष्टी एकाच दुकानात, शेजारशेजारच्या फळीवर मिळतात म्हणून आपण त्यांच्याबद्दल एकाच श्वासात विचारतो, ते काही खरं नाही. स्वस्त पेडल घ्यावं का याचं माझं उत्तर बिनदिक्कत हो असं आहे. स्वस्त अ‍ॅम्पबद्दल मी तेवढ्या मोकळेपणानं बोलणार नाही. कारण सांगतो: या धंद्यात जे हलत नाही ते स्वस्तातलं चालतं, आणि जे हलतं तिथं पैसे मोजावे लागतात. सर्किट हलत नाही. स्विच हलतो, जॅक हलतो, नॉब हलतो, आणि सगळ्यात जास्त हलतो तो स्पीकरचा कागद.

आधी पेडल. ओव्हरड्राइव्ह म्हणजे करायचं काय, तर पिकअपमधून, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या चुंबकातून, आलेला सिग्नल वाढवायचा आणि त्याची टोकं छाटायची. ट्यूब स्क्रीमरमध्ये हे छाटणं दोन डायोड करतात, आणि ते आयसीच्या फीडबॅकच्या वाटेवर (तिचा आउटपुट तिच्याच इनपुटकडं परत जातो तिथं) बसवलेले असल्यामुळं छाटणी करवतीसारखी सरळ न होता जरा गोलसर होते. शिवाय ७२० हर्ट्झच्या खालचा भाग डायोडपाशी पोचायच्या आधीच कमी वाढवलेला असतो, त्यामुळं खर्जाचा चिखल होत नाही आणि मधला भाग पुढं येतो. बँडमध्ये ड्रम आणि बासच्या गदारोळातून गिटारचा सोलो कानावर येतो तो या मधल्या भागामुळं. झालं. एवढीच विद्या आहे. डायोडला रुपया-दोन रुपये पडतात, रेझिस्टर पैशांत मोजायचे, कपॅसिटर थोडे महाग. बेहरिंगर कंपनीचं टीओ ८०० नावाचं प्लास्टिकच्या खोक्यातलं पेडल याच सर्किटच्या वाटेनं जातं आणि मूळच्या किमतीच्या लहानशा हिश्शात येतं. दोन्ही शेजारी ठेवून, डोळे मिटून ऐकवलं तर कुठलं कुठलं ते छातीठोक सांगणारे असतील, मी काही त्यांच्यातला नाही.

फझ, म्हणजे आवाज पार फाडणारं पेडल, तर त्याहून साधं. १९६६ साली लंडनमध्ये आलेला, गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्समुळं जगाला माहीत झालेला तो गोल चेहऱ्याचा फझ फेस उघडला तर आत दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग. जुन्यांमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जर्मेनियम ही मोठी मिजासखोर जात. तापमान वाढलं की गळती वाढते आणि आवाज बदलतो. थंड लंडनमध्ये गोड वाजणारं असलं पेडल आपल्याकडं मे महिन्यातल्या गच्चीवरच्या कार्यक्रमात भलतंच काहीतरी बोलायला लागतं. सिलिकॉनचा स्वस्त ट्रान्झिस्टर त्या मानानं शहाणा. तेव्हा विदर्भात कोणी जर्मेनियमचं महागडं पेडल घेत असेल तर त्यानं आधी एसीचा विचार करावा, असं मी गमतीनं म्हणतो. पण त्यात तथ्य आहे.

डिलेची गोष्ट मला याहून आवडते. पीटी २३९९ नावाची एक तैवानी आयसी आहे. ती बनवली कॅराओकेच्या यंत्रांसाठी, म्हणजे हौशी गायकाच्या आवाजाला थोडा प्रतिध्वनी मिळावा म्हणून. आपल्याकडं माइकला इको देणारे जे छोटे बोर्ड मिळतात, त्यांतही ती सापडते. गणेशोत्सवात "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" नंतर थ्री, थ्री, थ्री असं जे घुमत राहतं, त्यात तिचा हात असण्याची दाट शक्यता. आणि अमेरिकेत एकेकट्या कारागिरानं हातानं बांधलेली, सुंदर रंगवलेली, 'ॲनालॉगसारखा ऊबदार आवाज' म्हणून विकली जाणारी कितीतरी डिले पेडलं उघडली की आत हीच बाई बसलेली असते. तिचा प्रतिध्वनी लांबवला की तो मळकट, दाणेदार होत जातो. हा तिचा दोष. गिटारवाल्यांनी त्यालाच गुण ठरवलं, आणि खरं सांगायचं तर तो गिटारवर छानच लागतो.

मग माणसं लाखाच्या घरात जाऊन पेडल घेतात ती कशासाठी? १९९० च्या दशकात बॉस्टनजवळ बिल फिनेगन यांनी क्लॉन सेंटॉर नावाचं ओव्हरड्राइव्ह हातानं बनवून विकलं. सर्किट कोणी चोरू नये म्हणून त्यावर काळी राळ ओतलेली. राळ खरवडून लोकांनी ते शोधून काढलंच, नकला निघाल्या, स्वस्त निघाल्या, बऱ्याच उत्तम निघाल्या. आणि तरी मूळ पेडलाची जुन्या बाजारातली किंमत काही हजार डॉलरवर गेली. तिथं विकला जातो तो आवाज नव्हेच. दुर्मीळपणा विकला जातो. ज्याला परवडतो त्यानं घ्यावा, हौसेला मोल नसतं. मात्र ती हौस 'टोन'च्या नावावर खपवू नये.

स्वस्त पेडल रडवतं ते दुसरीकडंच. पायानं दाबायचा स्विच, केबल जिथं खुपसतो तो जॅक, आणि बोर्डावर थेट सोल्डर केलेले नॉब. स्वस्तात हे तिन्ही भाग सरळ पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या बोर्डावर, बसवलेले असतात. जॅकला डब्याच्या भिंतीचा आधार नसतो, त्यामुळं केबलला बसलेला प्रत्येक हिसका सोल्डरवर जातो. माझं एक पेडल (कंपनीचं नाव राहू दे) सोसायटीच्या गणपतीत ऐन गाण्याच्या मध्यात गप्प झालं. आवाज गेला, पेडलवरचा दिवा मात्र दिमाखात जळत होता. घरी उघडलं तर सर्किट ठणठणीत, जॅकची एक तंगडी सुटलेली. दहा मिनिटांचं सोल्डरिंग. ज्याच्या घरी सोल्डरिंग आयर्न आहे त्याच्यासाठी स्वस्त पेडल म्हणजे जवळजवळ आयुष्यभराचं पेडल. ज्याच्याकडं नाही आणि ज्याला दर शनिवारी कुठल्यातरी पबमध्ये वाजवायचंय, त्यानं बॉस कंपनीचं डीएस-१ डिस्टॉर्शन घ्यावं. ते नारिंगी पेडल १९७८ पासून बनतंय, अजून बनतंय, आणि ओतीव धातूच्या त्या डब्यावर पाय आपटायला कोणाच्या बापाची भीती नाही. शिवाय वापरून विकायला काढलं तर पैसे बऱ्यापैकी परत येतात. निनावी पेडलचे येत नाहीत.

याच न्यायानं स्वस्त वा-वा पेडल घेऊ नये. गिटारला 'वा-वा' असं बोलायला लावणाऱ्या या पेडलमध्ये पायाखालची फळी एक पॉट, म्हणजे नॉबच्या आतला फिरता भाग, सतत फिरवत असते. म्हणजे ते जवळजवळ सगळंच हलणारं यंत्र. स्वस्तातलं काही महिन्यांत खरखरायला लागतं. उलट ट्यूनर. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा पाचशे रुपयांचा ट्यूनर आणि त्याच्या दसपट किमतीचा पायातला ट्यूनर, दोन्ही तार सुरात आहे की नाही तेच सांगतात. तिथं जास्त पैसे घालायचे तर ते अंधाऱ्या स्टेजवर आकडे ठळक दिसावेत म्हणून घालायचे.

एक सावधगिरी. स्वस्त पेडलं एकेकटी येत नाहीत. दोन हजारांचं एक, मग ते एकटं वाटतं म्हणून दुसरं, मग कोरस, मग फेजर, मग ती ठेवायला बोर्ड, मग सगळ्यांना वीज द्यायला एक अडॅप्टर आणि त्याला शेपटासारख्या वायरी. सगळ्याची बेरीज करायला बसलं की एका चांगल्या अ‍ॅम्पचे पैसे कधीच खर्च होऊन गेलेले असतात. आणि हा सगळा लवाजमा शेवटी जाऊन बोलतो कशातून? सहा इंची स्पीकरातून.

तर अ‍ॅम्प.

सुरुवात मार्शलपासून करू, कारण या विषयावरची त्याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाल्या पोरांना फेंडरचे अमेरिकी अ‍ॅम्प हवे असत आणि ते आयात होऊन येईपर्यंत परवडेनासे होत. तेव्हा मार्शल आणि त्यांच्या माणसांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उचललं आणि इंग्लंडात मिळणारे सुटे भाग घालून आपला अ‍ॅम्प बनवला, जेटीएम ४५. आज ज्याचं नाव दगडावरच्या रेघेसारखं आहे तो मार्शल असा जन्माला आला: महाग आयात मालाची स्वस्त देशी नक्कल म्हणून. पण तो फेंडरसारखा वाजला नाही. भाग थोडे वेगळे होते हे खरं. मोठा फरक मात्र खोक्याचा होता. फेंडरकडं मागून उघड्या पेटीत दहा इंची चार स्पीकर, मार्शलकडं सगळीकडून बंद पेटीत सेलेशन या स्पीकर कंपनीचे बारा इंची चार. सर्किट जवळपास तेच, हवा हलवणारी वस्तू बदलली, आणि रॉकचा आवाज बदलला.

गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर म्हणजे आवाज बाहेर पडायचं नुसतं भोक नव्हे. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असतो. सहा इंची स्पीकर, तोही चपलेच्या खोक्याएवढ्या डब्यात, तो सूर देऊच शकत नाही. वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू खालचा सूर कल्पून घेतो. वरच्या बाजूला, साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढं, गिटारचा बारा इंची स्पीकर आपणहून गळून पडतो, आणि हे फार बरं असतं. छाटलेल्या सिग्नलमध्ये वरचा कचरा भरपूर असतो. तो कचरा गाळायची चाळणी म्हणजे हा स्पीकर.

ती चाळणी नसली की काय होतं हे आमच्या पिढीनं ऐकलंय. कॉलेजच्या गॅदरिंगला गिटारचा अ‍ॅम्प कोणाकडं असणार? मंडपवाल्याचा आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर असायचा, आणि खांबाला बांधलेले कर्णे. गिटारची केबल माइकच्या भोकात. आहुजाला मी नावं ठेवणार नाही. १९४० पासून ती कंपनी भाषणं आणि आरत्या लोकांपर्यंत पोचवतेय आणि तेच तिचं काम. पण पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. त्याला समोर दहा लाख ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आसपासचा इनपुट लागतो. माइकच्या इनपुटला त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळं गिटार थेट लावली की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा मंद. मध्ये रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बनवून घेतलेला फझ लावला की घोंगडी निघायची आणि कर्णा तो सगळा कचरा, एक कणही न गाळता, मैदानभर पसरवायचा. प्राचार्यांनी कान धरले ते उगाच नाही. सगळ्यांना वाटायचं पोरांना वाजवता येत नाही. पोरांना वाजवता येत होतं, निदान त्या दोन गाण्यांपुरतं.

वॉटच्या आकड्यांचं सांगायचं राहिलं. दुकानात आधी तेच दाखवतात. दहा वॉटचा, वीस वॉटचा, चाळीसचा. कानाचं गणित सरळ नसतं. आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणजे शंभर वॉटचा अ‍ॅम्प दहा वॉटच्या फक्त दुप्पट मोठा. त्यापेक्षा स्पीकर किती कार्यक्षम आहे हे बघावं. सेलेशनचा ग्रीनबॅक नावाचा स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ९८ डेसिबल देतो. एखादा छोटा स्वस्त स्पीकर ८८ देत असेल असं धरा. मग त्या छोट्याला दहा वॉट पाजल्यावर जेवढा आवाज निघेल तेवढा ग्रीनबॅक एका वॉटमध्ये देतो. आपल्या देशात निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. ती दहीहंडीला कोणी पाळत नाही हा वेगळा विषय, पण वन बीएचकेमधल्या गिटारवाल्याला शेजारचे काका तिची आठवण करून देतात. तेव्हा फ्लॅटमध्ये शंभर वॉटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प ही चैन आहे, आणि वैतागही: व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तापून, ताणून वाजवला की गोड लागतो, आणि तेवढा ताणला की खाली पोलीस. शिवाय आत तीनचारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ दबा धरून बसतात. हौशी माणसानं तो उघडू नये. त्यातला ट्रान्सफॉर्मर म्हणजे माझ्या नियमाचा अपवाद: हलत तर नाही, पण लोखंड आणि तांबं किलोवर येतं आणि त्याला स्वस्ताई ठाऊक नाही.

यावर कोणीतरी नेहमी म्हणतं, टोन बोटात असतो. अर्धं खरं आहे. आणि इतिहास त्या अर्ध्याच्या बाजूनं भरपूर साक्षी देतो. किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या एल्पिको नावाच्या फुटकळ हिरव्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं कापला, आणि १९६४ मध्ये त्या फाटक्या आवाजावर बँडचं नाव झालं. त्याहून भारी गोष्ट क्वीन या बँडची, म्हणजे ज्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, त्या क्वीनची. त्यांचा बासवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या रस्त्यावर, कचऱ्याच्या डब्यात त्याला एक सर्किट बोर्ड दिसला. त्यानं तो घरी आणला, पुस्तकांच्या कपाटात ठेवायच्या एका जुन्या स्पीकर बॉक्समध्ये बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. व्हॉल्यूमचा नॉब नाही, टोनचा नाही, काहीच नाही. क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे यानं त्या खोक्यातून एकावर एक गिटारचे थर रचले. ते ऐकताना कोणी व्हायोलिन, क्लॅरिनेट वाजवतंय असं वाटतं. पुढं या कचऱ्यातल्या अ‍ॅम्पच्या हुबेहूब प्रती विकायला आल्या.

पण या गोष्टी सांगणारे एक विसरतात. ती सगळी स्टुडिओतली कामं. छोटा अ‍ॅम्प, समोर चांगला माइक, मागं माहीतगार इंजिनिअर, आणि नंतर तुम्ही जो आवाज ऐकता तो तुमच्या घरच्या मोठ्या स्पीकरमधून. गिटारिस्ट एरिक क्लॅप्टननं १९७० मध्ये मायामीत पाच वॉटचा फेंडर चॅम्प वापरून रेकॉर्डिंग केलं म्हणून तुमचा पाच वॉटचा डबा बेडरूममध्ये तसाच वाजेल असं नाही. आणि नवशिक्याची बोटं अजून काहीच बोलत नसतात. त्याला वाद्यानं थोडं उत्तर द्यावं लागतं. स्टार्टर पॅकमध्ये गिटारबरोबर जो अ‍ॅम्प फुकटासारखा येतो, त्याचं डिस्टॉर्शनचं बटण दाबल्यावर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा जो आवाज येतो, त्यानं किती पोरांच्या गिटारी कपाटावर गेल्या असतील! पोराला वाटतं, आपल्याला जमत नाही. माझ्या मते स्वस्त अ‍ॅम्पचा खरा तोटा हा आहे, आणि तो पावतीवर छापलेला नसतो.

एक वाट मधून जाते. चार-सहा हजारांचा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), घरातला लॅपटॉप, आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखं फुकट सॉफ्टवेअर. खऱ्या अ‍ॅम्पचा स्वभाव शिकून घेतलेली मॉडेलं लोकांनी ढिगानं बनवून मोफत ठेवलीत, आणि त्यांपुढं स्पीकरच्या पेटीचा ठसा (ती पेटी आवाज कसा बदलते त्याची नोंद) जोडला की हेडफोनमध्ये जे ऐकू येतं ते दहा हजारांच्या कुठल्याही डब्याला लाजवेल. हेडफोन मात्र वायरचा हवा. ब्लूटूथमध्ये आवाज सहज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं मागं राहतो. तार छेडली आता, ऐकू आली नंतर, असं कोणालाच वाजवता येत नाही. भाचीला हे मी सुचवलं. ती म्हणाली, "मामा, लॅपटॉप उघडला की मी गिटार वाजवत नाही, रील बघते." या प्रामाणिकपणापुढं मी गप्प बसलो.

विजेबद्दल दोन शब्द, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. स्वस्त पेडलांवर 'नॉइज फार आहे' असा जो आळ येतो, त्यातला बराचसा पेडलचा नसून अडॅप्टरचा असतो. मोबाइलच्या चार्जरची जातभाई असलेली अडॅप्टरं शीळ घालतात. एकाच अडॅप्टरवर डिजिटल डिले आणि ओव्हरड्राइव्ह टांगले की एकाची कुजबुज दुसरं मोठ्यानं वाचून दाखवतं. पेडल बॅटरीवर लावून बघावं. गुणगुण थांबली तर गुन्हेगार सापडला. आणि घराची अर्थिंग. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तीन भोकांच्या सॉकेटमधलं तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेला असतं. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणारा स्वतः त्या सर्किटचा भाग असतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला लेस हार्वी हा गिटारिस्ट स्टेजवर, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून शॉक बसून मेला. अ‍ॅम्प घ्यायच्या आधी वायरमनला बोलावून दोनशे रुपये खर्च करणं हा या छंदातला सगळ्यात चांगला खर्च.

शेवटी आम्ही घेतलं ते असं. अडीच हजारांच्या आतलं एक ओव्हरड्राइव्ह, नवं. डिले सध्या नको म्हटलं. तिनं तो हप्त्याहप्त्यानं पॉकेटमनीतून घेतलाच. चिमट्याचा ट्यूनर. आणि सिंहगड रोडला एका नोकरीवाल्या मुलाकडून जुना वीस वॉटचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प, आठ इंची स्पीकरवाला. तो मुलगा बंगळुरूला चालला होता, घासाघीस फारशी करावी लागली नाही. ताईला किंमत ऐकून बरं वाटलं. आवाज ठीक होता, वाईट नव्हता.

मग माझाच किडा वळवळला. ओळखीच्या एकाकडं गिटारचा एक बारा इंची सेलेशन पडून होता, कागद शाबूत. त्यानं मागितलेले पैसे अख्ख्या अ‍ॅम्पच्या किमतीला भिडत होते, तरी घेतला. कोपऱ्यावरच्या सुतारानं १८ एमएम प्लायची पेटी करून दिली, मागून अर्धी उघडी, "साहेब, यात ठेवायचं काय?" असं त्यानं दोनदा विचारलं. अ‍ॅम्पच्या आतल्या स्पीकरच्या दोन वायरी सोडवून बाहेर काढल्या आणि त्या पेटीला जोडल्या. तेच सर्किट, तेच पेडल, तीच सोळा वर्षांची बोटं. भाचीनं एक पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारा एकदम छेडून काढलेला जोरकस आवाज) मारली आणि आतल्या खोलीतून ताई बाहेर आली. ओरडायला आली होती, पण उभी राहिली.

हे कोणी करून बघणार असेल तर अ‍ॅम्पच्या मागं किती ओहम लिहिलंय ते आधी वाचावं. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर किमान ८ ओहम लिहिलं असेल तर ८ किंवा १६ चा स्पीकर चालतो, ४ चा लावला की अ‍ॅम्प तापून जातो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं निराळं. तो स्पीकर न जोडता चालूच करायचा नाही, आणि ओहम तंतोतंत जुळवायचे. मंडपवाल्याचा पीएचा (भाषणाच्या लाउडस्पीकरचा) बारा इंची लावून भागेल का असं सुताराच्या मुलानं विचारलं. वाजेल, पण त्याचा कागद जड असतो, गिटारला तो बोलकेपणा येत नाही.

पेटी आता ताईच्या हॉलमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी आहे आणि तिच्यावर फुलदाणी ठेवायला ताईला बंदी आहे, कारण फुलदाणी खडखडते. परवा भाचीचा मेसेज होता, याच पेटीवर अजून एक स्पीकर चढवला तर काय होईल. ८ ओहमचे दोन पॅरललमध्ये जोडले तर ४ होतात, सिरीजमध्ये १६. सिरीजमध्ये जोड, असं कळवलंय.